प्रति: मॉडेलचा आकडा जास्तच येतो, मग मोजायचं कशाला?
कामगाराच्या श्वासात किती रसायन जातं याचा अंदाज देणाऱ्या मॉडेलचा आकडा मुद्दाम चढाच धरलेला असतो, म्हणून तो मर्यादेत बसला की हवेचे नमुने घ्यायची गरज नाही, हा वरचा मुद्दा कागदावर पटतो. पण मॉडेलमध्ये माहिती भरतं कोण, हे इथे कुणी विचारलेलंच नाही. युरोपात रीच या रसायन-सुरक्षा कायद्यासाठी वापरतात ती इसेटॉक टीआरए, स्टॉफेनमॅनेजर वगैरे मॉडेलं जर्मनीच्या बाउआ या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेने ईटीम प्रकल्पात तपासून घेतली. एकाच कामाचं तेच वर्णन वेगवेगळ्या लोकांना दिलं, तर उत्तरांत प्रचंड तफावत! काही कामांत तर आकडा पुरेसा चढाही निघाला नाही.

टोल्युइन या सहज वाफ होणाऱ्या द्रावकाचे ड्रम भरायचं काम घ्या. टीआरएमध्ये लोकल एक्झॉस्ट (वाफ जागेवरच ओढून घेणारी यंत्रणा) 'आहे' म्हटलं की बहुतेक औद्योगिक कामांत आकडा थेट एक दशांशावर येतो. प्रत्यक्षात तिचा हूड, म्हणजे हवा ओढणारं तोंड, ड्रमच्या तोंडापासून हातभर लांब असतो, आणि हुडाची ओढ अंतराच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात कमी होते. हे अंतर लिहायला तिथे रकानाच नाही. त्यात फॉर्म भरणारा बहुधा सेफ्टी डेटा शीट (रसायनाचं माहितीपत्रक) घेऊन एसीत बसलेला. निदान स्मोक ट्यूब (धूर सोडणारी नळी) घेऊन ड्रमपाशी उभं राहा, धूर हुडात जातोय का बघा, मग 'आहे' लिहा.