मदत हवी आहे: ध्वनीपेक्षा वेगाने धावणाऱ्या मोटारीखालच्या आघात तरंगाचे (हवेतून पसरणाऱ्या दाबाच्या तीव्र लाटेचे) काय होते?

नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या पाच मुलांनी जमिनीवरील वेगाचे विक्रम हा विषय घेतला आहे आणि त्यांच्या एका प्रश्नापाशी मी अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मुलांनी ‘थ्रस्ट एसएससी’ या मोटारीची प्रतिकृती करायला घेतली आहे. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक अँडी ग्रीन यांनी ती ताशी १,२२७.९८५ किलोमीटर वेगाने चालवली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. तिला रोल्स-रॉइसची दोन ‘स्पे’ जेट इंजिने होती. चाकांना इंजिनाची शक्ती मुळीच मिळत नव्हती, ती केवळ भार पेलत आणि दिशा देत होती, हे मुलांच्या गळी उतरवायला माझी एक पूर्ण तासिका गेली. विक्रमासाठी तासाभराच्या आत एकाच मार्गावरून दोन्ही दिशांनी धावावे लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी धरली जाते. १३ ऑक्टोबरला ही मोटार दोन्ही फेऱ्यांत ध्वनीच्या पुढे गेली होती. परंतु परतीच्या फेरीला ठरलेल्या तासापेक्षा मिनिटभराहूनही कमी उशीर झाला आणि ती कामगिरी विक्रम म्हणून धरली गेली नाही. मुलांना याचे फार वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो, हे दाखवण्यासाठी आम्ही आपल्याच जिल्ह्याचा हिशेब केला. डिसेंबरात निफाडला पहाटे पारा ५ अंशांवर असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १,२०३ किलोमीटर येतो. मे महिन्यात नाशिकला दुपारी ४० अंश असतील तर तोच सुमारे ३५५ मीटर, म्हणजे ताशी १,२७८ किलोमीटर होतो. याचा अर्थ तीच मोटार त्याच वेगाने निफाडच्या थंडीत ध्वनीच्या पुढे आणि नाशिकच्या उन्हाळ्यात ध्वनीच्या मागे राहील. हा हिशेब बरोबर आहे ना, हे जाणकारांनी कृपया तपासावे.

आता मूळ अडचण. एका मुलीने विचारले, “बाई, विमानाच्या खाली मोकळे आकाश असते, पण मोटारीच्या खाली लगेच जमीन आहे, मग खाली जाणारा आघात तरंग कुठे जातो?” मी विमानाची आकृती काढून वेळ मारून नेली, पण माझे समाधान झाले नाही. नववीच्या मुलांना डोळ्यांनी पाहता येईल असा एखादा प्रयोग कुणी सुचवू शकेल का?

प्रतिसाद (ओझर येथील निवृत्त विमान अभियंता):

आपला हिशेब बरोबर आहे. नाशिकची उंची आणि हवेचा दाब यांनी त्यात फरक पडत नाही. जवळपास सर्व फरक तापमानाचा. त्या मुलीने अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. तरंग जमिनीवर आपटून परततो आणि गाडीच्या तळावर येतो, त्यामुळे तळाखालचा दाब एकाएकी बदलतो. नाक किंचित वर गेले तर गाडी उचलली जाईल, खाली गेले तर जमिनीत रुतेल. वातबोगद्यात, म्हणजे स्थिर प्रतिकृतीवरून वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यात, याची चाचणी घेणे अवघड, कारण तिथे हवेबरोबर जमीनही त्याच वेगाने सरकायला हवी. म्हणून थ्रस्ट एसएससीचे वायुगतिकी तज्ज्ञ रॉन एअर्स यांनी वेल्समधील पेंडाइन येथे रुळांवरून रॉकेटने प्रतिकृती पळवून दाब मोजले आणि स्वान्सी विद्यापीठातल्या संगणकीय गणिताशी ते ताडून पाहिले. दोन्ही उत्तरे जुळली, तेव्हाच पुढे जाण्याचा भरवसा आला.

प्रयोगासाठी सपाट ट्रेमध्ये १ सेंटिमीटर पाणी घ्या. एवढ्या पाण्यात लाट सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर जाते. पेन्सिल त्याहून वेगाने ओढली की मागे पाचर उमटते, गंगापूर धरणात बोटीमागे दिसते तशी. ट्रेमध्ये एक वीट आडवी ठेवून तिच्या कडेला समांतर, दोन बोटे अंतरावरून पेन्सिल ओढा. पेन्सिल म्हणजे मोटार, पाचर म्हणजे आघात तरंग आणि वीट म्हणजे जमीन समजा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. आज प्रयोगशाळेत करून पाहिले. पहिल्या तीन वेळा पेन्सिल हळू ओढली गेली. चौथ्या वेळी पाचरीची एक बाजू विटेवर आपटून परत पेन्सिलीच्या मागच्या पाण्यात शिरलेली स्पष्ट दिसली. प्रश्न विचारणारी मुलगी आता वीट जवळ-लांब सरकवून परतणारी लाट पेन्सिलीपासून किती मागे पोहोचते, याचा तक्ता करत आहे.