पीएएफची 'कृती' म्हणे!

सहावी तार : कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय की १९५९च्या लेस पॉल गिटारमधल्या पीएएफ पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, मॅग्नेट आणि वायरच्या दोन कॉइलचा भाग) कृती गिब्सन कंपनीने पैसे वाचवायला मोडली आणि तिथून पुढे सगळं भंगार. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, कृती होती कुठे? गिब्सनच्या कालामाझूच्या कारखान्यात बॉबिन (वायर गुंडाळायचं रीळ) भरलं असं वाटलं की मशीन थांबवायचं. मॅग्नेट अल्निको (एक चुंबकी मिश्रधातू) २ ते ५ या प्रकारांपैकी हाताला लागेल तो. त्यामुळे एक पिकअप साडेसात के (किलोओहम, वायरचा रोध), तर शेजारचा नऊच्या घरात. हा पिकअप बनवणाऱ्या सेथ लव्हरच्या पेटंटचा अर्ज १९५५चा, मंजुरी जुलै १९५९ची, तरी 'पेटंट अप्लाइड फॉर'चं, म्हणजेच पीएएफचं, स्टिकर १९६२पर्यंत चिकटतच राहिलं. नंतर नंबर छापला तोही टेलपीसच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) पेटंटचा! आणि हे लोक म्हणे गुप्त कृती जपून होते. पुढे मशीनं वेढे मोजू लागली, मॅग्नेट आखूड अल्निको ५ ठरला, एनॅमलचं आवरण जाऊन पॉलियुरेथेनच्या आवरणाची वायर आली. कारखाना ताळ्यावर आला, एवढंच झालं.

जुनं ते सोनं : ताळ्यावर आला तिथेच वाट लागली. दोन कॉइलचे वेढे कमीजास्त असले की वरचे काही उपस्वर एकमेकांना पूर्ण मारत नाहीत, धार उरते. मोजूनमापून सारखे केलेत की आवाज गुळगुळीत. मी न्यू जर्सीत एका दुकानात १९६०ची लेस पॉल दहा मिनिटं वाजवली आहे. विक्रेता डोक्यावर उभा, माझ्या हातांना घाम, तरी दुसऱ्या तारेवरचा तो स्वर... असो. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांच्याशी काय डोकं लावायचं? आणि त्या दुसऱ्या गिटार कंपनीचं, फेंडरचं काय? सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने ती घेतली आणि वायर बदलली. हेही ताळ्यावर येणंच का?

सहावी तार : दहा मिनिटं, हाताला घाम आणि निकाल जन्माचा! फेंडरच्या स्ट्रॅट गिटारमधली फॉर्मवारच्या आवरणाची वायर जाऊन साधी एनॅमलची आली १९६४मध्ये. सीबीएस आलं जानेवारी १९६५मध्ये. शिव्या जरूर घाला, पण कॅलेंडर बघून.

सीबीएसवर राग काढायचाच तर उशिराबद्दल काढा. स्ट्रॅटचे उंचसखल पोलपीस (प्रत्येक तारेखालचे चुंबकी खिळे) वर बारीक तार गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशोबाचे. लोक साधी तिसरी तार लावायला लागले, तर ती बाकीच्यांच्या वर ओरडायला लागली. सपाट पोलपीस यायला १९७४ उजाडलं. माझ्या जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटवर मी आजही तिसऱ्या तारेला पिक जरा घाबरतच लावतो.

वऱ्हाडी ब्लूज : भाऊ, ते के-फे सोडा. एकाने मला 'ओव्हरवाउंड (जास्त वेढ्यांचा) आहे, ८.७ के' म्हणून पिकअप चिकटवला. मोजला कधी, तर नागपुरात, मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत. डिसेंबरात सकाळी मी मोजला, ८.१. तांब्याचा रोध अंशामागे ०.४ टक्के वाढते. ओव्हरवाउंडचे जास्तीचे पैसे मी उन्हाळ्याला दिले.

गिरगावचा बेसूर : मला तर हमबकर (पीएएफसारखा दोन कॉइलचा पिकअप) लावूनही हम (विजेची घरघर) येतो! तारांना हात लावला की थांबतो. गेल्या गणपतीत गाताना ओठ माइकला लागले, असा झटका बसला की अंतरा विसरलो.

वऱ्हाडी ब्लूज : त्यात पिकअपचा काय दोष बाप्पा? दोन उलट कॉइल बाहेरून आलेला हम मारतात. अँप आणि माइकची अर्थिंग वेगवेगळी असन तर सेथ लव्हर तरी काय करन? तिसरी पिन तपासून घे आधी. चेष्टा नाही, जिवाशी खेळ आहे.

जुनं ते सोनं : धागा पिकअपचा आहे.

गिरगावचा बेसूर : बोर्ड उघडून घेतला. हिरवी वायर कापून, वर टेप गुंडाळून आत कोंबलेली! अकरा वर्षं मी तिसरी पिन शोभेला खुपसत होतो. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, 'फ्रिज चालतोय ना?'

चिमटा : आमच्याकडे तर अर्थिंगची वायर पाण्याच्या पाइपाला बांधली होती. पाइप बदलला, प्लॅस्टिकचा घातला.

सहावी तार : प्लॅस्टिकच्या पाइपाला अर्थिंग? हे कालामाझूलाही जमलं नसतं.

जुनं ते सोनं : चालू द्या तुमचं वायरमन संमेलन. १९६४चं मान्य. तारीख चुकली माझी, कान नाही.

सहावी तार : कानालाही अर्थिंग करून घ्या.

जुनं ते सोनं : तुम्ही आधी १९६०ची हातात घ्या, मग बोला. मी चाललो.

गिरगावचा बेसूर : नवी वायर ओढली. झटका गेला, हम निम्मा राहिलाय.

वऱ्हाडी ब्लूज : अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं का? मीठ-कोळसा कोरडा पडला असन तर नुसती नवी वायर काय कामाची.