‘काडतूस’मध्ये तूस आहे का?

केतकी_पु : राजकारणात फडतूस-काडतूस यमक गाजलं तेव्हापासूनची शंका. आमचे काका ठामपणे सांगतात की काडीसारखी नळी आणि आत तुसासारखी दारू, म्हणून काडतूस. पटण्यासारखं आहे का?

जुनीवही : फोड झकास, पण शब्द पोर्तुगीज आहे, ‘कार्तुशु’. चावी, बिजागरी, पिंप, लिलाव ज्या वाटेनं आले तीच वाट. हिंदीतल्या ‘कारतूस’मध्ये ‘र’ शाबूत आहे, आपण त्याचा ‘ड’ केला. मागे गेलं तर इटालियन ‘कार्ता’ सापडतो. कार्ता म्हणजे कागद. म्हणजे काडतूस मुळात कागदाची सुरळी!

केतकी_पु : पण काडतूस पितळी असतं ना?

जुनीवही : पितळ फार नंतर आलं. ठासणीच्या बंदुकीचं काडतूस म्हणजे कागदाच्या नळीत मापून भरलेली दारू आणि टोकाला गोळी. कागद दातानं तोडायचा, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, मग गोळी गजानं ठासायची. शिंगातून अंदाजानं दारू ओतण्याचा घोळ संपला. कवायती पलटणी मिनिटाला दोन-तीन बार काढायच्या त्या या पुडीच्या जोरावर. तोफा-जहाजांचं कौतुक सगळे करतात, पुडीचं कुणी करत नाही.

तळकोकणी : आमच्याकडे अजून ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. मग १८५७ ची काडतुसंही कागदीच?

जुनीवही : अर्थात. आणि गंमत अशी की दातानं तोडणं शिपायांना नवीन नव्हतंच, जुन्या बंदुकीलाही तेच करत. नवीन होती ती एन्फिल्ड, १८५३ च्या नमुन्याची. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा. गोळी फिरत बाहेर पडते, म्हणून लांबवर नेम लागतो. पण खाचांच्या नळीत गोळी सहज उतरावी म्हणून काडतुसाला वंगण लावावं लागलं. ते कशाचं, इथे सगळं पेटलं. मेरठला २४ एप्रिलला कवायतीत ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला. ती काडतुसं जुन्याच पद्धतीची होती, वर दाताऐवजी हातानं फाडा असं सांगितलेलं. पण विश्वासच उडाला होता! ९ मे रोजी त्यांना सर्वांसमोर बेड्या ठोकल्या, १० मे रोजी मेरठ उठलं.

तळकोकणी : इजिप्तच्या शिलालेखांत राजाच्या नावाभोवती लांबट चौकट असते, तिला ‘कार्तूश’ म्हणतात. तोच का हा?

जुनीवही : तोच, फ्रेंच रूपात. १७९८ च्या स्वारीत नेपोलियनच्या सैनिकांना ती चौकट आपल्या कमरेच्या काडतुसासारखी दिसली, असं सांगतात.

केतकी_पु : काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, पोर्तुगिजांनी आपल्याकडूनच नेला असेल.