चर्चा: कोहा सांभाळणाऱ्याला ग्रंथपाल म्हणायचं का?

पान_उलटा: महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालवणारा, डीस्पेस या डिजिटल संग्रहावर प्रबंध चढवणारा, पुस्तकांतली चिप ओळखणारं आरएफआयडीचं गेट अडलं की ज्याच्या नावाने हाक जाते, त्याच्या नेमणूकपत्रावर बहुधा ‘ग्रंथालय लिपिक’ नाहीतर ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’ असतं. माझं मत स्पष्ट आहे, त्याला ग्रंथपाल म्हणा. श्रीलिपी फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणणं, कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेला आयसीयू ही युनिकोड हाताळणारी प्रणाली लावून देवनागरी शोध नीट चालवणं ही ग्रंथालयशास्त्राचीच कामं आहेत. शोधात नाव सापडलं नाही तर कपाटातलं पुस्तक असून नसल्यासारखं.

तालिकाताई: अजिबात पटलं नाही. आम्ही ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. केलं, नेट परीक्षेसाठी वर्षं घातली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पदं ठरलेली आहेत: ग्रंथपाल, उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, महाविद्यालयीन ग्रंथपाल. एक्स-रे काढणाऱ्याला कुणी डॉक्टर म्हणतं का? कोहातल्या नोंदीत शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, प्रतींचा तपशील ९५२ मध्ये, हे कोष्टक पाहून कुणीही भरेल. पण ‘सर, ते निळ्या कव्हरचं द्या ना’ म्हणणाऱ्या पोराला नेमकं काय हवंय, ते सर्व्हर सांगत नाही.

पान_उलटा: ताई, एक्स-रेवाल्याला स्वतःचा अभ्यासक्रम आहे, पदनाम आहे, वेतनश्रेणी आहे. आपल्या माणसाला यातलं काय आहे?

रूट_पासवर्ड: मी तोच ‘संगणकवाला’. मला ग्रंथपाल व्हायचंच नाही हो! बीसीए आहे. ‘सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहून द्या. अनुभवपत्रावर ‘लिपिक’ दिसलं की बाहेरच्या मुलाखतीत अर्धा वेळ तेच समजावण्यात जातो.

तालिकाताई: याला माझी हरकत नाही. फक्त नोंदी कशा ठेवायच्या, हा निर्णय आमचा.

पान_उलटा: आणि अपग्रेड कधी करायचं, हा? ग्रंथालय समितीत लिपिकाला बोलावत नाहीत. मग तारीख पडते ऐन परीक्षेच्या आठवड्यात, आणि देवघेव बंद पडली की शिव्या खायला मात्र तोच.

क_वर्ग_वाचनालय: करमणूक झाली. आमच्या गावात ग्रंथपाल, लिपिक, शिपाई सगळं मीच. ‘ई-ग्रंथालय’ सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करतो आणि केरही काढतो. पदनाम ‘ग्रंथपाल’च आहे बरं का! मानधन ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, त्यापेक्षा लिपिक परवडला. अनुदानाचा हप्ता आला की सांगतो.

पान_उलटा: काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ‘इन्फर्मेशन सायंटिस्ट’ हे पद आहेच. ते महाविद्यालयांपर्यंत उतरू द्या, एवढंच म्हणणं.

तालिकाताई: उतरू दे की. पण ग्रंथपालाच्या हाताखाली.

पान_उलटा: हाताखाली का? शेजारी.

रूट_पासवर्ड: ते तुम्ही दोघी ठरवा. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे, दोन महिने उरलेत.