शेततळ्यातले मासे उड्या मारून काठावर का पडतात?

बांधकरी: 30×30 मीटरचं, 3 मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. कटला, रोहू, मृगळ आणि थोडे चंदेरे (सिल्व्हर कार्प), वजन 300-400 ग्रॅम. आठवडाभर रात्रीच्या लाइटवर बोअर चालू केली की उड्या सुरू. सकाळी पाइपाच्या कोपऱ्यात बांधावर 4-5 मेलेले. ऑक्सिजन कमी पडतोय का? चुना टाकू?

खोलपाणी: चुना थांबवा. ऑक्सिजन कमी पडला की मासा शक्यतो उडत नाही, तोंड वर काढून हवा गिळत राहतो, तेही पहाटे. टाळी वाजवून बघा. धडधाकट मासा बुडी मारून गायब होतो, गुदमरलेला लगेच परत वर येतो.

उड्या पाइपाच्या कोपऱ्यातच आहेत, म्हणजे मासे पडत्या पाण्यावर चढतायत. ही नदीची जात, धारेला तोंड करून जायची खोड अंगातच. पाइपाचं तोंड बांबूवर बांधून काठापासून 3 मीटर आत न्या, उडालेला मासा पाण्यातच पडेल. तोंड बुडवू मात्र नका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, वरून पडतानाच तो मिसळतो. आणि तळं काठोकाठ भरू नका, 2 फूट रिकामं ठेवा.

जाळंवाला: उडतंय कोण तेही बघा. चंदेऱ्याला मोटारीची धडधड पुरते. अमेरिकेत इलिनॉय नदीवर बोटीचं इंजिन चालू झालं की यांचे थवेच्या थवे हवेत असतात. त्याला काठाभोवती 3 फूट उंच जाळी, दुसरं काही नाही.

बोअर बंद असतानाही एकेकटे उडत असतील, अंग घासत असतील, तर उवा, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटणारे बारीक परजीवी. 5-6 मासे धरून परांच्या बुडाशी बघा, 5-10 मिलिमीटरचा चपटा, सरकणारा ठिपका दिसेल. मादी अंडी माशावर घालत नाही, टणक वस्तूवर चिकटवते. म्हणून पाण्यात बांबूच्या कामट्या दोरीने सोडा आणि दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. पाइपाचा बांबूही त्यात धरा, नाहीतर तोच उवांचं घर होईल.

बांधकरी: उवा नाहीत. पाणी मात्र हिरवंगार, मनगट बुडायच्या आत बोटं दिसेनाशी होतात. मग तरी चुना?

खोलपाणी: मग तर नकोच. इतक्या हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी 9 च्या वर जाऊ शकतो. 30 अंश तापमानाला, सामू 7.5 असताना पाण्यातल्या अमोनियाचा (माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यातून सुटतो तो) अडीच टक्के भाग विषारी रूपात असतो, 9 ला जवळपास 45 टक्के. चुन्याने सामू आणखी चढेल. 3 दिवस खाद्य बंद, तळाचं फूटभर पाणी उपसून पिकाला द्या, तेवढंच नवं भरा. इतकं हिरवं पाणी रात्री ऑक्सिजनही खातं, तेव्हा लाइट असेल तर बोअर पहाटे 3 नंतर चालवा. सामू सकाळी मोजून फसू नका, दुपारी 3 ला मोजा.