आयएसओ नुसती कॉपी करून भागत नाही

विंडोज बिघडलं तर मशीन सुरू करायला पेनड्राइव्ह कसा तयार ठेवायचा, यावर एकांनी सुचवलंय, विंडोजची आयएसओ फाइल (अख्खं विंडोज इन्स्टॉलर एकाच फाइलीत) पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवली की झालं. नाही होत हो! फाइल आत नुसती पडून राहते, मशीन काही त्यावरून उठत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफससारखं बूट पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर वापरून ती लिहावी लागते. 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण आधीचा सगळा डेटा उडतो. आपल्या इंदूरला जेल रोडवर नवा घेऊन या, लग्नाचे फोटो असलेला वापरू नका.

रुफसमध्ये पार्टिशन स्कीमपाशी, म्हणजे पेनड्राइव्हची आतली मांडणी निवडताना, बहुतेकांची गाडी अडते. मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर नवं यूईएफआय असेल तर जीपीटी मांडणी, जुनं बायोस असेल तर एमबीआर. चुकीचं निवडलंत तर बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि लोक बिचाऱ्या पेनड्राइव्हला शिव्या घालतात. या मेनूसाठी मशीन चालू करताना डेल, लेनोवोला एफ12 दाबा, एचपीला एफ9.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवा. ती नसेल तर पेनड्राइव्ह असूनही आतल्या फाइली हाती लागणार नाहीत. आणि मशीन धड आहे तोवरच एकदा पेनड्राइव्हवरून सुरू करून बघा. भाषा विचारणारा पडदा आला की तिथूनच बाहेर पडा, पुढे दाबत जाऊ नका.