निर्वासितांना आश्रय देतं सरकार, ठेवून घेतं गाव. मग गावाला नकाराचा हक्क हवा की नको?

वेशीवरचा (धागाकर्ता):
२०१५ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या झुम्टे या खेड्याला कळवण्यात आलं, तुमच्याकडे १००० निर्वासित येणार. गावची वस्ती शंभराच्या आसपास, साधं दुकानही नाही. पुढे आकडा ७५० वर आला. हेच गाव का, तर तिथे ऑफिसच्या इमारती रिकाम्या होत्या. खाटा मोजल्या, गाव मोजलंच नाही. आश्रय कोणाला द्यायचा ते सरकारने ठरवावं, पण किती जण कुठे ठेवायचे यात गावाला नकाराधिकार हवा. नाहीतर हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. आणि 'शाळेत जागा आहे का?' असं विचारणाऱ्याला लगेच वर्णद्वेषी ठरवू नका.

सडेतोड:
नकाराधिकार दिला की सगळे नकारच देणार, त्यातही श्रीमंत वस्त्या आधी. वकील त्यांच्याकडेच असतात! १९५१ च्या निर्वासित करारातलं कलम ३३ म्हणतं, जिवाला धोका असेल तिथे परत पाठवू नका. हे गावच्या ठरावावर टांगून ठेवायचं?

वेशीवरचा:
कलम ३३ परत पाठवण्याबद्दल आहे, कुठल्या गावात ठेवायचं याबद्दल नाही. गल्लत करताय.

सडेतोड:
सगळ्याच गावांनी नकार दिला तर ठेवणार कुठे, ते सांगा की.

दुपारपाळी:
कामाचं कोणी बोलतच नाही. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज १२ महिने रखडल्याशिवाय कामाची परवानगी मागताच येत नाही. मिळाली तरी ठरावीक यादीतल्या नोकऱ्यांपुरती. धडधाकट माणसाला बसवून ठेवायचं आणि वर म्हणायचं, बघा, आयतं खातात!

जुना गिरणीवाला:
कामाला लावा म्हणणं सोपं आहे. कमी पैशात राबणारा मिळाला की मालक खूश. मजुरी अडते ती आधीच्या मजुराची, आणि तोही बऱ्याचदा बाहेरूनच आलेला असतो.

दुपारपाळी:
बंदी असली तर तो चोरून राबतो, आणखी कमी पैशात. त्याने मजुरी वाढते का?

सडेतोड:
जर्मनीत राज्यांमधली वाटणी केनिगश्टाइन सूत्राने होते: दोन तृतीयांश वजन करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. हेच गावांनाही लावा.

वेशीवरचा:
सूत्र असतानाच झुम्टे घडलं ना? राज्याने आपला वाटा रिकाम्या इमारतीत नेऊन कोंबला. निधी आधी गावाच्या खात्यावर, माणसं नंतर, एवढं कायद्यात लिहा. नकाराधिकार सोडतो मी.

सडेतोड:
आणि निधी सहा महिने रखडला, तर तोवर त्या माणसांनी झोपायचं कुठे?